आपल्या ताटातले कोल्हापूर

कोल्हापूरच्या खाद्यपदार्थांचा विषय निघाला की परगावच्या माणसाच्या तोंडी प्रथम तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे नाव येते. ते ऐकून आपल्या मुलांना वाटावे, या भूमीच्या अन्नाशी जैन घरांचे काही नातेच नाही. वस्तुतः या जिल्ह्याची ओळख ठरलेले गूळ, घनसाळ तांदूळ आणि नाचणी आपल्या स्वयंपाकघरात नांदत असतात. व्यापारी घरातील मुलांच्या कानांवर त्यांचे भाव पडतात. उगम मात्र त्यांनी पाहिलेला नसतो.

तो दाखवण्यास हिवाळ्यासारखा काळ नाही. कुंभोजच्या बाहुबली दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस अधिक काढावा आणि करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळावर मुलांना न्यावे. घाण्यातून निघणारा उसाचा रस, वाळल्या चिपाडांवर पेटलेली चुलवण, भल्यामोठ्या काहिलीत चढणारी उकळी, भेंडीच्या रसाने वर येणारी मळी आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे नजरेने ओळखणारा गुळव्या, हे सारे पुस्तकातून शिकवता येत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवून ज्या गुळाच्या व्यापाराला बळ दिले, त्याचे मूळ या काहिलीत आहे.

तेथे मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. रस नीट गाळला जातो का? काहिलीभोवती घोंघावणाऱ्या माश्या-मुंग्यांची काळजी कशी घेतात? गाळलेल्या पाण्याचा संस्कार लाभलेल्या मुलाला हे प्रश्न सहज सुचतील. गुळाच्या रंगाविषयीही सांगावे. बाजारात फिकट पिवळ्या गुळाला भाव अधिक मिळतो, म्हणून काही ठिकाणी रसायन घालून रंग उजळवला जातो. तपकिरी गूळ कमी प्रतीचा, हा समज गिऱ्हाईक आणि व्यापारी दोघांनी मिळून जोपासला आहे. उद्या पेढीवर बसणाऱ्या मुलाने हे आजच जाणले, तर सचोटीचा पाठ त्याला वेगळा द्यावा लागणार नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, पावसाळी भागात नाचणी पिकते. आजऱ्याचा घनसाळ आखूड दाण्याचा आणि सुवासिक. त्याला आणि कोल्हापुरी गुळालाही भौगोलिक मानांकन लाभले आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडे आपले कित्येक समाजबांधव स्वतः शेती करतात. त्यांच्या बांधावर मुलांनी एक सकाळ घालवली, तर पेढी आणि शेत यांतील अंतर थोडे कमी होईल.

मजुरांच्या तुटवड्यामुळे व वाढत्या खर्चामुळे गुऱ्हाळे घटत चालली आहेत. जी धगधगत आहेत, ती मुलांना या हंगामातच दाखवावीत. परतल्यावर सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात घनसाळाचा भात, नाचणीची भाकरी आणि तुपासोबत त्याच गुऱ्हाळातील गुळाचा खडा वाढावा, आणि प्रत्येक पदार्थ कोठून आला हे मुलांनीच सांगावे.