जामीनदार

आमच्या अकलूजमध्ये शिफारशीवाचून पान हलत नाही. मुलीसाठी स्थळ बघायचे असो, बाजारातून म्हैस आणायची असो, की गुडघ्याचे दुखणे दाखवायला सोलापूर गाठायचे असो, 'कुणी सांगितलं?' हा पहिला प्रश्न. सांगणारा खात्रीचा निघाला तर म्हशीचे दात मोजायचीही गरज पडत नाही. आणि म्हैस लाथ मारू लागली की लोक तिच्याकडे जात नाहीत, सांगणाऱ्याकडे जातात.

माझी सबंध नोकरी एका पतसंस्थेत गेली. तिथे सांगणाऱ्याला जामीनदार म्हणतात. हप्ता कर्जदार चुकवतो आणि नोटीस जामीनदाराला जाते. तीस वर्षे मी स्वतःच्या हाताने अशा नोटिसा टाइप केल्या. त्यामुळे सख्ख्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरलाही मी जामीन राहिलो नाही. ते प्रकरण सासुरवाडीत अजून गाजते आहे.

पण एका बाबतीत मात्र मी जन्मभर, कुणी न मागता, जामीन राहत आलो. कॅसेटींच्या बाबतीत.

म्हणजे काय होते, की एखादे गाणे ऐकले आणि आवडले, की शहाणा माणूस ते पुन्हा ऐकतो. मी चप्पल घालून बाहेर पडतो. हे आता कुणाला ऐकवू, एवढेच माझ्या डोक्यात असते. बरे, माझी आवड सरळ असती तरी निभावले असते. सिनेमाची गाणी कुणालाही सांगावीत, कुणी नाही म्हणत नाही. माझे मन नेमके सिनेमात नसलेल्या गाण्यांवर बसायचे. चार पोरे जमतात, स्वतःच लिहितात, स्वतःच चाली लावतात, ना हीरो ना हिरॉईन, असला माल. परवा पुण्याला शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही ऐकता ना, त्याला इंडी म्हणतात."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "इंडीची लिंबं ठाऊक आहेत. गाणी कधीपासून यायला लागली?"

तिचे चुकले नाही. इंडी म्हणजे विजापूरकडचा तालुका, आमच्या जिल्ह्याला लागून. तिथले लिंबू आमच्या बाजारात नेहमीचे. भाच्याने समजावले की इंडिपेंडन्टचे ते लाडके नाव. म्हणजे बड्या कंपनीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या हिमतीवर काढलेले संगीत. मी म्हटले, अरे, मग यातला आद्य पुरुष आमच्या शेजारच्या गोव्यातच आहे. रेमो फर्नांडिसने १९८४ साली शिवोलीच्या घरात बसून 'गोअन क्रेझी' रेकॉर्ड केली. वाद्ये त्यानेच वाजवली, वेष्टनही त्यानेच सजवले, आणि कॅसेटी तयार झाल्यावर रतीब घालायला निघावे तसा स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरला. माझ्या मते ही कॅसेट प्रत्येकाने ऐकावी. गाणी इंग्रजीत आहेत, पण गोव्याचा घाम त्यात मराठीतच येतो. असे मी म्हणालो आणि भाचा हळूच उठून गच्चीवर गेला. माझी लागण घरात सगळ्यांना माहीत आहे.

या रोगाने जोर धरला तो १९९६ साली. पुण्याला हेड ऑफिसच्या कामाला गेलो होतो, तिथे लकी अलीची 'सुनोह' घेतली. परतीच्या एस.टी.त, भिगवण ते इंदापूर, नुसते वेष्टन वाचत आलो. रात्री टेपरेकॉर्डरवर लावली. हा माणूस गातो की झोपेतून उठून स्वतःशी बोलतो तेच कळेना. पण आवाज असा, की आपण पुन्हा विशीत आहोत आणि कुठेतरी निघालो आहोत असे वाटावे. (विशीत मी कुठेही निघालो नव्हतो. पतसंस्थेत लागलो होतो.) दुसऱ्या दिवशी कॅसेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हटले, "साहेब, जरूर ऐका. महमूदचा मुलगा आहे."

साहेबांनी चार दिवसांनी परत केली. म्हणाले, "पूर्ण ऐकली. हसू कुठं आलं नाही."

पुढे १९९८ साली सिल्क रूटची 'बूंदें' आली. त्यात हिमाचलाकडची थंडगार हवा भरली आहे, मोहित चौहानचा गळा आणि मधूनच एक बासरीसारखे वाद्य. ही मी आमच्या सलूनवाल्याला दिली, कारण तिथे दिवसभर टेप चालू असतो आणि गिऱ्हाईक जागचे हलू शकत नाही. शिफारशीला याहून चांगले श्रोते मिळणार नाहीत असा माझा हिशोब. आठवड्याने त्याने ती कागदात गुंडाळून परत दिली. "गाणी झ्याक हायेत, पण गिऱ्हाईक झोपतंय. मान कलती हुती. वस्तरा हाय माझ्या हातात."

त्याच वर्षीची 'गारवा' मात्र मराठी. मिलिंद इंगळेचे गाणे, सौमित्रची कविता, सगळा पाऊसच पाऊस. ती मी नातेपुत्याकडच्या एका कोरडवाहू पाहुण्यांना ऐकवली. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "पडतोय चांगला. पण कुठं पडतोय ते काय कळलं न्हाय." आणि थोड्याच दिवसांत ती कॅसेट रसवंतीगृहात वाजू लागली, रिक्षात वाजू लागली, वरातीत वाजू लागली. खरे म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. झाला उलटाच राग. सगळे गाव आपणहून ऐकू लागल्यावर जामीनदाराने करायचे काय? मी 'गारवा' ट्रंकेत टाकली. शिफारस करणाऱ्याच्या मनात असे एक किडके दाणे असते. त्याला गाणे लोकांना आवडायला हवे असते, पण त्याच्या हातून.

एक सांगतो, आमचे लोक औरंगजेब नव्हेत. १९९३ पासून अकलूजला लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा भरू लागली आणि घरच्या बायाबापड्या मांडीला मांडी लावून बैठकीची लावणी ऐकू लागल्या. ढोलकीची थाप जरा इकडची तिकडे झाली तर मागच्या रांगेतला म्हातारा 'च्च' करतो. अशा तयार कानांपुढे डोळे मिटून गिटार खाजवणारी पोरे नेऊन बसवायची म्हणजे ही माझीच हिंमत.

दिलेल्या कॅसेटी परत येण्याचेही प्रकार असतात. काही डबी न घेता येतात. काही दुसऱ्याच डबीत येतात. माझी 'सुनोह' दीड वर्ष 'सत्यनारायण कथा' या डबीत नांदत होती. पण सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे भरणे. कंपनीच्या कॅसेटीवर कुणी दुसरे काही भरू नये म्हणून वरच्या कडेला दोन खाचा मोकळ्या सोडलेल्या असत. त्यावर चिकटपट्टी लावली की संपले, खुशाल भरा. माझी 'सिफर' मावसभावाकडून परत आली ती त्याच्या मुलीच्या बारशासकट. लकी अली गाता गाता अचानक थांबतो आणि एक बाई ओरडते, "आगं, कुंची कुठंय?" त्या दिवसापासून मी प्रत्येक कॅसेटीवर नाव लिहू लागलो आणि चिकटपट्टी घरातून हद्दपार केली.

या सगळ्या मंडळींत मी एका माणसाला कधीच काही ऐकवले नव्हते, ते म्हणजे आमचे तात्या. माझे वडील. तात्या भजनी मंडळात टाळकरी. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होते. त्या दिवशी घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावल्याशिवाय तात्यांचे वर्ष सुरू होत नसे. त्यांना माझ्या कॅसेटींचा तिटकारा. "गाणं काय डबीत ऱ्हातंय व्हय?" एवढे एकच वाक्य ते वर्षातून दोनदा बोलत. बाकी आमचे बोलणे म्हणजे पाण्याची पाळी, बिल आले का, आणि दार लाव.

२००१ च्या उन्हाळ्यात तात्या बांधावरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. तीन महिने खाट. त्या वर्षी पालखी आली तेव्हा ते बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. लांबून टाळ ऐकू येत होते. जेवले नाहीत.

त्या रात्री मला झोप येईना, म्हणून मी माजघरात अगदी बारीक आवाजात 'कंदिसा' लावली. इंडियन ओशन नावाच्या दिल्लीच्या चौघांची ही २००० सालची कॅसेट. यातला बेसगिटारवाला राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेला. तिकडच्या खोऱ्यातले 'मा रेवा' हे गाणे त्यांनी घेतले आहे. ते सुरू झाले, आणि बाहेरून आवाज आला, "कोण हाय रं त्यो?"

मी घाईने बंद केले. म्हटले, "दिल्लीची पोरं आहेत, तात्या."

"बंद कशापायी केलं? नर्मदामाईचं हाय की ते. लाव."

लावले. दुसऱ्यांदा लावले. मग कॅसेटीचे नाव पडले ते गाणे आले. तात्यांनी विचारले, ही बोली कुठली? मी सांगितले, अरामी; केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांचे फार जुने स्तोत्र आहे, आणि कंदिसा म्हणजे पवित्र. तात्या थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग त्यांचा हरिपाठच म्हणायचा." आमच्या घरात सर्वधर्मसमभावावर झालेले हे एकमेव भाषण.

दुसऱ्या दिवशी मला कळेना, की तात्यांना हे पुन्हा ऐकवू का. तिन्हीसांजेला त्यांनीच विचारले, "त्यो तबलजी सोता गातो व्हय?" मी म्हटले, हो, असीम चक्रवर्ती, वाजवता वाजवता गातो. "सोपं न्हाय ते," तात्या म्हणाले. "हात येक बोलतो, गळा दुसरंच बोलतो. आमच्यात टाळ वाजवून म्हणताना निम्मी मंडळी चरणाला हुकत्यात." मग चरणाला कोण कोण हुकते ते त्यांनी नावानिशी सांगितले. तासभर. (असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेला, ऐन उमेदीत. तेव्हा मला हे सांगायला कुणी नव्हते.) त्या तीन महिन्यांत आम्ही बापलेक जेवढे बोललो तेवढे आधीच्या पस्तीस वर्षांत बोललो नव्हतो, आणि सगळे बोललो ते एका कॅसेटीविषयी. आवडली, असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. "लाव ते रेवामाईचं," एवढेच.

तात्या काठी टेकत हिंडू लागले, पुन्हा मंडळात जाऊ लागले, आणि एक दिवस ट्रंकेतून 'कंदिसा' नाहीशी झाली. मी घर डोक्यावर घेतले. भाच्यावर संशय घेतला, सलूनवाल्याशी दोन महिने अबोला धरून दाढी घरी केली. हिला म्हणालो, तुझ्या माहेरचेच कुणीतरी असणार, ट्रॅक्टरचा राग काढला. तात्या समोर बसून सुपारी कातरत होते. एक शब्द बोलले नाहीत.

तात्या २००८ साली गेले. तेराव्याला मंडळातले एक म्हातारबाबा आले, आणि उठताना त्यांनी उपरण्याच्या गाठीतून एक कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "तात्यांची ठेव. लई फिरली बघा. माळीनगरला व्हती, तिथनं वेळापूरला गेली. तात्या सोता काठी टेकत घरोघर द्यायचं. म्हणायचं, ऐका, आमच्या पोरानं शोधून आणलीया. वाईट निघाली तर मला सांगा, मी जामीन हाय."

डबी धड होती. वर माझ्या नावाखाली तात्यांच्या अक्षरात 'परत करणे' असे लिहिले होते. आणि वरच्या कडेच्या दोन खाचांवर चिकटपट्टी होती.

रात्री सगळे झोपल्यावर लावली. एका बाजूची निम्मी गाणी पुसून कुणीतरी मंडळाचे एकादशीचे भजन भरले होते. रेकॉर्डिंग अगदी वाईट. विणेकऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, मध्ये कुणाचा तरी खोकला, बाहेर ट्रॅक्टर. पण टेपजवळ बसलेल्याचे टाळ मात्र स्वच्छ ऐकू येतात. चरणाला कुठेही हुकत नाहीत.

आता टेपही ओढल्यासारखी चालते आणि टेपरेकॉर्डरचा पट्टाही सैल झाला आहे. भाचा म्हणतो, मामा, मोबाइलमध्ये उतरवून घेऊ आणि सगळ्यांना पाठवू. त्याला म्हटले, पाठवायचे नंतर बघू. आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एखादा खात्रीचा माणूस कुणाच्या माहितीत असेल, तर तेवढी शिफारस कर.