संत्र्यांच्या गावचा पाच वॅटचा आवाज

लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवरून दक्षिणेकडे निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात फुलर्टनला पोहोचते. १९३० साली बांधलेले हे स्पॅनिश धाटणीचे स्टेशन आहे. पांढऱ्या भिंती, लाल कौले, बाहेर ताडाची झाडे. डिस्नेलँड पाहायला निघालेले भारतीय प्रवासी बहुधा इथे उतरत नाहीत, कारण डिस्नेलँड शेजारच्या अनाहाइममध्ये. परंतु ज्याच्या घरात गिटार शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्याने इथे दोन-चार तास जरूर काढावेत. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आज जगभर ऐकू येतो, त्याचा फार मोठा भाग या लहानशा गावात घडला.

मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या जॉर्ज आणि एडवर्ड अमेरिज या धान्यव्यापारी बंधूंनी १८८७ साली फुलर्टन वसवले. रेल्वे आपल्या गावावरून जावी म्हणून त्यांनी गावाला नाव दिले ते सँटा फे रेल्वेच्या जमीन कंपनीतील जॉर्ज फुलर्टन या अधिकाऱ्याचे! रेल्वे आली आणि तिच्याबरोबर संत्र्यांचा व्यापारही बहरला. इथले संत्रे व्हॅलेन्सिया जातीचे. आपल्या नागपुरी संत्र्यासारखी त्याची साल सैल नसते. मोसंबीसारखी घट्ट चिकटलेली असते. पुढे बागा तुटत गेल्या. १९५५ साली अनाहाइमच्या १६० एकर बागांच्या जागी डिस्नेलँड उभे राहिले, आणि फुलर्टनमधले विद्यापीठही जुन्या संत्र्याच्या जमिनीवरच वाढले. जिल्ह्याचे नाव मात्र अजून ऑरेंज काउंटी आहे.

गिटार न येणारा गिटारवाला

याच परिसरातील एका मळ्यात १० ऑगस्ट १९०९ रोजी लिओ फेंडर जन्मला. लहानपणी आजारात त्याचा एक डोळा गेला. शिक्षण झाले हिशेबनिसाचे, पण ओढ होती रेडिओची. मंदीच्या काळात हिशेबाची नोकरी सुटली आणि १९३८ साली त्याने गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले. आज हार्बर बुलवार्ड म्हणतात, तो रस्ता तेव्हा स्पॅड्रा रोड होता. रेडिओ, ग्रामोफोन, सभेचे लाउडस्पीकर, जे बिघडेल ते लिओकडे येई. वादकही आपली वाद्ये आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येऊ लागले.

लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आयुष्यभर आली नाही. पण कोणती वस्तू कुठे बिघडते आणि ती उघडताना दुरुस्ती करणाऱ्याचे हात कुठे अडतात, हे त्याला नेमके ठाऊक होते. म्हणून १९४६ साली कंपनी काढल्यावर त्याने जे अ‍ॅम्प्लिफायर बनवले, ते दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने बनवले. मागची फळी चार-सहा स्क्रू काढले की हातात येते. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, याचा कागद पेटीच्या आतच डकवलेला असतो. सुटे भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले, एकही दुसऱ्याच्या खाली दडलेला नाही.

सुरुवातीचे कारखाने म्हणजे रेल्वेरुळांजवळच्या पत्र्याच्या शेड होत्या. तिथे स्वच्छतागृहसुद्धा नव्हते, कामगारांना स्टेशनवर जावे लागे. पुढे १९५३ साली व्हॅलेन्सिया ड्राइव्ह आणि रेमंड अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर नवे कारखाने उभे राहिले. रस्त्याच्या नावात संत्रे आणि कारखान्यात गिटारी, असा तो काळ होता.

तीन व्हॉल्व्ह, एक बटण

फेंडरच्या सर्व यंत्रांत सर्वात लहान होता 'चॅम्प'. त्याचा पूर्वज १९४८ साली आला, तो मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारसोबत, शिकाऊ मुलांसाठी. पुढे पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची 'फाइव्ह एफ वन' नावाची आवृत्ती निघाली. पिवळसर जाड कापड चढवलेली लाकडी पेटी, आठ इंची स्पीकर, ताकद सुमारे ५ वॅट. बटण एकच, आवाज कमी-जास्त करण्याचे. तेच फिरवून यंत्र चालू-बंदही होते.

आत फक्त तीन व्हॉल्व्ह. गिटारची तार थरथरली की तिच्याखालच्या चुंबकावरील वेटोळ्यात अत्यंत क्षीण वीज निर्माण होते. 'ट्वेल्व्ह ए एक्स सेव्हन' नावाचा पहिला व्हॉल्व्ह ती वाढवतो. 'सिक्स व्ही सिक्स' हा दुसरा तिला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. 'फाइव्ह वाय थ्री' हा तिसरा घरच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेने वाहायला लावतो. यांच्या जोडीला दोन ट्रान्सफॉर्मर, डझनभर रेझिस्टर आणि सहाएक कंडेन्सर. संपूर्ण आराखडा एका कागदावर मावतो. आजही हौशी माणसाला "पहिल्यांदा काय बांधू?" असा प्रश्न पडला, की जाणकार याच चॅम्पकडे बोट दाखवतात. शिकाऊ वादकासाठी बनलेले यंत्र आता शिकाऊ कारागिराचे झाले आहे.

लहान असणे हाच याचा मोठा गुण. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून अधिक सिग्नल दिला की आवाजाच्या लाटेची टोके दबतात आणि सुरात एक ऊबदार खरखर येते. गिटारवादक तिच्यावर जीव टाकतात. ५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला या अवस्थेपर्यंत न्यायचे तर घराच्या काचा थरथरतील. ५ वॅटचा चॅम्प तिथे लवकर पोहोचतो, शेजाऱ्यांची तक्रार मात्र त्यानेही येऊ शकते! एरिक क्लॅप्टनने १९७० साली मायामीच्या स्टुडिओत 'लैला' ध्वनिमुद्रित केले, तेव्हा असेच छोटे चॅम्प वापरले होते. गाण्याचे नाव आपल्या ओळखीच्या लैला-मजनूच्या कथेवरून आलेले.

चिकटपट्टीवरचे नाव

त्या काळातला एखादा चॅम्प आज उघडला, तर आत कधी कधी कागदी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा सापडतो. त्यावर हाताने लिहिलेले एक नाव असते, 'लिली' किंवा 'लूपे'. ज्या बाईने त्या यंत्राची तारजोडणी केली, तिचे हे नाव. फेंडरच्या कारखान्यात हे नाजूक काम प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया करत. समोर आराखडा, हातात सोल्डरिंगची इस्त्री, आणि दिवसभर एकामागून एक चासी.

या स्त्रियांचा समाज त्या वेळी कोणत्या परिस्थितीत राहत होता, तेही लक्षात घ्यायला हवे. ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळांत बसवले जाई. गोन्झालो मेंडेझ आणि आणखी चार कुटुंबांनी चार शाळा-मंडळांविरुद्ध दावा लावला. १९४६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९४७ साली अपिलातही तो टिकला. ज्यांच्या मुलांना शेजारच्या बाकावर बसू देण्याची तयारी नव्हती, त्यांच्याच हातचे जोडकाम पुढे अमेरिकेच्या घराघरांत वाजले. संग्राहक आज तो चिकटपट्टीचा तुकडा जपून ठेवतात.

घरच्या टेबलावर

चॅम्पच्या धर्तीवरचे सुट्या भागांचे संच आज विकत मिळतात. ज्याने कधी सोल्डरिंग केलेले नाही, त्याने आधी रद्दी तारांवर आठवडाभर हात बसवावा. चांगला डाग चकचकीत आणि पसरट दिसतो. मळकट गोळा दिसला की समजावे, जोड कच्चा आहे. नंतर ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हच्या बैठका आणि शेवटी भागांची पट्टी, असे काम करत जावे. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन चासीच्या कडेने न्याव्यात. हा पीळ सैल राहिला तर स्पीकरमधून सतत गुणगुण येत राहते. जोडलेली प्रत्येक तार आराखड्यावर रंगीत पेन्सिलीने खूण करत तपासली, की बहुतेक चुका वीज देण्याआधीच सापडतात.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. या छोट्या पेटीत तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि तो प्राणघातक आहे. स्विच बंद करून पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती योग्य रेझिस्टरमधून उतरवून, मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. चालू यंत्रात मोजमाप घ्यावे लागले तर एक हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे वीज छातीतून आरपार जाण्याची शक्यता कमी होते. जुन्या चॅम्पला दोन पिनांचा प्लग असे, अर्थिंग नसे. आज बांधताना तीन पिनांचा प्लग आणि चासीला पक्के अर्थिंग हवेच. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. तेव्हा ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेला चालणारा आहे ना, हे आधी पाहावे. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मुलांनी हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडचे रेडिओ मेकॅनिक करत तेच करावे: मध्ये साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो पूर्ण तेजाने जळत राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करावे. सारे नीट असेल तर व्हॉल्व्हच्या काचेत हळूहळू नारिंगी उजेड दिसू लागतो. नंतर बल्ब काढून पुरती वीज द्यावी आणि गिटार जोडावी.

व्हॉल्व्ह कुठून येतात?

ज्या घरांत एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, तिथल्या आजी-आजोबांना हा उजेड ओळखीचा वाटेल. बटण फिरवल्यावर आवाज यायला जो वेळ लागे, तो याच व्हॉल्व्हच्या तापण्याचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. ट्रान्झिस्टर आल्यावर जगभर असे कारखाने एकामागून एक बंद पडले. आता गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी लागणारे नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चाड्त्सा आणि चीन इथून येतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले, तेव्हा रशियाचा पुरवठा अडला आणि भाव एकदम चढले. एवढ्या थोड्या कारखान्यांवर किती वादक अवलंबून आहेत, हे तेव्हा कळून आले.

फुलर्टनमध्ये आज फेंडरचा कारखाना नाही. लिओने प्रकृती ठीक नसल्यामुळे १९६५ साली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसला विकली. १९८५ साली कंपनीतील अधिकाऱ्यांनी ती परत विकत घेतली, पण फुलर्टनचे कारखाने त्या व्यवहारात आले नाहीत. कंपनीचा कॅलिफोर्नियातील कारखाना आता कोरोना या दुसऱ्या गावी आहे. लिओ मात्र इथेच नवी कंपनी काढून काम करत राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला. त्याच्या नावाचा एक रस्ता गावात आहे. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, १९४२ साली बांधलेल्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत फुलर्टनचे संग्रहालय आहे आणि त्यात लिओ फेंडरचे दालन.

बागा गेल्या, कारखाना गेला. पण तिथला आराखडा एवढा सरळ होता की जगातल्या कुठल्याही गावी, घरातल्या टेबलावर तो पुन्हा उभा राहू शकतो. बांधणाऱ्याचे हात त्याच वाटेने तारा नेतात, जिथून लिली आणि लूपे नेत असत. काम पुरे झाल्यावर मागची फळी बसवण्याआधी त्याने आत एका चिकटपट्टीवर आपले नाव आणि तारीख अवश्य लिहावी. उद्या कधी यंत्र बिघडले आणि ते कुणी उघडले, तर हे कुणाच्या हातचे आहे, ते त्याला कळेल.