आंबा : घाटमाथ्यावरचे गाव

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेली एस. टी. मलकापूर सोडून पुढे आली की उसाचे फड मागे पडतात व भाताची खाचरे दिसू लागतात. सुमारे ७० कि. मी. वर आंबा लागते. पुढे घाट उतरला की साखरपा, म्हणजे कोकण. विशाळगडाचा फाटाही येथेच फुटतो. तालुक्याची कचेरी शाहूवाडीत, मोठी बाजारपेठ मलकापुरात. त्यामुळे साध्या दाखल्यासाठीही या माणसाचा दिवस मोडतो.

हौशी मंडळी येथे धुके पाहायला येतात. आम्ही कार्यकर्ते येतो ते माणसांना भेटायला. पण लावणीच्या दिवसांत घरी कोणी सापडेल तर शपथ! तरवा उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, गुडघाभर चिखलात वाकून रोप लावायचे. माय-बहिणींची कंबर दिवसभर सरळ होत नाही. पूर्वी डोक्यावर इरले असे, आता प्लॅस्टिकचा कागद आला. पाऊस मात्र तोच, अंगावर कपडा वाळू न देणारा. उतारावर नाचणी होते. पीक हाताशी आले की गवे शिरतात, मग रात्र रात्र राखण. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण वेळेत अर्ज आणि पंचनामा झाला तर.

तरणी पोरे मुंबईला नाहीतर इचलकरंजीला. गावात म्हातारी माणसे, आणि रस्त्याच्या कडेला नवी नवी हॉटेले. जमिनीला भाव आला आहे. चार पैसे हाती येतात हे खरे. पण विकलेल्या रानातच पुढे ताटे धुवायची पाळी आली तर तो सौदा कसला?

वाचकहो, कोल्हापूर संस्थानात १९१८ साली शाहू महाराजांनी महार वतन रद्द करून जमिनी रयतावा करून दिल्या. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. त्या कायद्याने परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची असते; जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. एजंट हे सांगत नाही. तो कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. ज्यांची भावकी अशा गावांतून आहे त्यांनी दिवाळीला गावी जाल तेव्हा सातबाराचा ताजा उतारा काढावा, भोगवटादाराचा वर्ग आणि इतर हक्कांचा रकाना नीट वाचावा, आणि घरातल्या म्हातारीलाही तो मोठ्याने वाचून दाखवावा. रान तिनेच राखले आहे.