मिरपूड

अन्नछत्रात जेवायचे आणि वर मिरपूड मागायची, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली तो स्वतः त्या पंक्तीत पानावर बसलेला नव्हता, एवढे तरी मला निश्चित वाटते. तो वाढणारा असेल, कोठीची किल्ली कनवटीला लावलेला कारभारी असेल, किंवा नुसताच दारातून डोकावून गेलेला आणि रात्री आपल्या घरी जेवणार असलेला कोणी इसम असेल. जेवणाऱ्याच्या मुखातून ही म्हण निघणे संभवत नाही, कारण त्याला त्या क्षणी मिरपूड हवी होती. या म्हणीतला उद्दामपणाचा आरोप आपण पिढ्यानपिढ्या विनातक्रार मान्य करीत आलो. मिरपूडच का, मीठ का नाही, तूप का नाही, असे मात्र कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मीठ मागावे लागत नाही. पान मांडले की प्रथम मीठ येते, शेजारी लिंबाची फोड, मग डाव्या बाजूस चटणी-कोशिंबीर आणि उजव्या बाजूस भाजी. हा शिरस्ता इतका जुना आहे की त्यात वाढणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि जेवणाऱ्याला बोलावे लागत नाही. मिरपुडीला या शिरस्त्यात जागा नाही. ज्याला हवी त्याने ती मागून घ्यायची. भूक सर्वांची सारखी असते, म्हणून तिच्यासाठी माप ठरविता येते, कोठीतून तांदूळ मोजून काढता येतो; रुची मात्र ज्याची त्याची, आणि म्हणून जो मिरपूड मागतो तो, दोनशे पानांच्या पंक्तीत, आपण अमुक एक आहोत असे नकळत सांगत असतो. म्हणीला राग आला तो कदाचित याचाच.

शिवाय मिरी म्हणजे मिरची नव्हे. पोर्तुगिजांच्या गलबतांतून मिरची या किनाऱ्यावर उतरली आणि तिने मिरीचे नाव तर घेतलेच, पण तिचे कामही घेतले, तेही इतक्या स्वस्तात की गरिबाच्या भाकरीला तिखट मिळाले ते मिरचीमुळेच. मलबारची मिरी ज्याला परवडे त्याच्याकडेच राहिली. तेव्हा अन्नछत्रातला तो माणूस कधी काळी बऱ्या घरचा असावा, वाईट दिवस आल्यामुळे तेथे बसलेला असावा, आणि जिभेला अजून जुनी सवय असावी, असा एक अर्थ मी लावून पाहिला. मग वाटले, तो आजारी असेल. मिरपूड तुपातून खोकल्यावर देतात. तो दूरचा प्रवास करून आलेला असेल, घसा धरलेला असेल, आणि त्याने चिमूटभर औषध मागितले असेल. तसे असेल तर ही म्हण फार निष्ठुर आहे, आणि तिचा एवढा प्रसार झाला याचे मला वाईट वाटते.

माझ्या वडिलांना, अण्णांना, वरणभातावर मिरपूड आवडे. आई ती खलबत्त्यात जाडसर कुटून ठेवीत असे. परंतु पानावर बसल्यावर अण्णांनी ती कधी मागितली नाही. पहिला भात कालवून त्यांचा हात थांबे, आणि आईचे लक्ष जाऊन डबी पुढे येईपर्यंत तो तसाच थांबलेला असे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मिळकतीचे अन्न खाताना हा माणूस का थांबतो, हे मला लहानपणी कळत नसे. त्यांनी पुण्यात वार लावून शिक्षण केले, हे ठाऊक होते. पण ते त्याविषयी बोलत नसत. ज्यांच्याकडे जेवले त्या घरांची नावेही त्यांनी कधी सांगितली नाहीत. सोमवारचे घर, मंगळवारचे घर, एवढीच ओळख. बुधवार रिकामा होता. त्या दिवशी चुरमुरे आणि पाणी. मंगळवारच्या घरी, नारायण पेठेत, एक वृद्ध आजी होत्या. मुलगा खोकतो आहे असे पाहून त्यांनी न मागता मिरपूड घातलेले तूप त्याच्या भातावर वाढले, ही एकच गोष्ट ते सांगत, आणि तीही आयुष्यात दोनतीनदाच.

वार लावणे म्हणजे तरी अर्जच करणे होते. फक्त तो कागदावर नसे. मुलगा दारात उभा राही, आपले गाव, आपली शाळा सांगे, आणि आठवड्यातून एक दिवस जेवावयास येऊ का, असे विचारी. घरची माऊली त्याचा चेहरा पाही. त्या पाहण्यातच दाखला, चौकशी आणि मंजुरी. पुण्याने अशी किती मुले शिकविली याची मोजदाद नाही. 1909 मध्ये स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह, आजचे पुणे विद्यार्थी गृह, आरंभीच्या काळात माधुकरीवरच चालले. माधुकरी हा शब्द किती हळुवार आहे: फुलाला न दुखविता थोडे थोडे घेणारा भ्रमर त्यात आहे, भिक्षेची झोळी नाही. या पुण्याईचा मला अभिमान वाटतो, आणि तो वाटत असतानाच त्याच पेठांतून त्याच काळी कोणकोण त्या दारांत उभे राहू शकत नव्हते ते आठवते. चेहरा पाहण्याआधी आडनाव विचारले जाई. मी अण्णांचीच मुलगी, पण मुलीने वार लावल्याचे मी कधी ऐकले नाही. या दारांबाहेर राहिलेल्यांसाठी दुसऱ्या कोणाला चूल पेटवावी लागली: 1877 च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम काढला, आणि पुढे साताऱ्यास भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत.

म्हणून, चेहऱ्यापेक्षा कागद बरा, असे मी आजवर मानीत आले. कागद आडनाव ऐकून दार लावीत नाही, निदान लावू नये. आणि कागदाहूनही बरे ते, जेथे कागदच लागत नाही. 15 ऑगस्ट 1995 पासून शाळेतील आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली तेव्हा प्रथम 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यावे असा हुकूम केला, आणि मग आपल्याकडे खिचडी आली. पाचवीपर्यंत 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ, पुढे आठवीपर्यंत 150 आणि 30. सरकारी वा अनुदानित शाळेतील कोणत्याही मुलाला त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, बापाची मिळकत सांगावी लागत नाही. तो शाळेत आला, एवढा दाखला पुरतो. मी शिक्षिका होते. व्हरांड्यात ओळीने बसलेली मुले पाहून, अण्णा या ओळीत असते तर त्यांचा हात थांबला नसता, असे मला पुष्कळदा वाटले.

परंतु म्हण तेथेही माझ्या मागे आली. 2023 मध्ये शासनाने या आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यावयाचे ठरविले, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा स्थानिक फळ. तुला काय चालते, असे त्या पंक्तीत मुलाला विचारले गेले, ही गोष्ट मला तांदळाच्या मापाहून मोठी वाटली होती. 2025 च्या आरंभी त्यासाठीचा निधी देणे शासनाने थांबविले. खिचडी राहिली. माप चालू राहते आणि मिरपूड आधी जाते, हा सर्व अन्नछत्रांचा नियमच असेल काय? की तिजोरी ज्याच्या हाती आहे त्याची अडचण मला दिसत नाही, आणि मीही दुसऱ्या बाजूने दारातून डोकावून जाणारीच आहे?

नववीपासून ती ओळ संपते, आणि कागद सुरू होतो. असा एक कागद आज माझ्या मेजावर आहे. सवलतीच्या दराने भोजन मिळावे म्हणून केलेल्या अर्जावर ओळखीच्या एका मुलीला माझी शिफारस हवी आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला आहे, शिधापत्रिकेची प्रत आहे, पालकांच्या व्यवसायाचा रकाना स्वच्छ अक्षरात भरला आहे. सर्वांत शेवटी, अर्जदारास विशेष काही सांगावयाचे असल्यास, म्हणून चार रिकाम्या ओळी आहेत. तेथे तिने लिहिले आहे: काही नाही.

हे दोन शब्द मी पुन्हापुन्हा वाचते आहे. कागदाला स्वतःविषयी काही सांगण्याची तिला गरज नाही, तिला जे मिळायचे ते हक्काने मिळेल, असा त्यांचा अर्थ असेल तर मला समाधान वाटायला हवे. पण मला दिसतो तो वरणभातावर थांबलेला हात. आणि मंगळवारच्या त्या आजी, ज्यांनी चेहरा पाहिला म्हणूनच त्यांना खोकला ऐकू आला. सही करण्यापूर्वी त्या मुलीला, तुला आणखी काही हवे आहे का, असे विचारावे असे मनात येते. विचारले तर तिला ते आपुलकीचे वाटेल की आणखी एक चौकशी वाटेल, हे मात्र मला सांगता येत नाही.