उभ्या गाडीची भूक

बंद गाडी पूर्णपणे बंद कधीच नसते. किल्ली काढली, कव्हर ओढलं, शटर खाली घेतलं, की आपल्यापुरता विषय संपतो. आत मात्र संथपणे बरंच काही चाललेलं असतं. टायर एकाच जागी भार घेऊन चपटे व्हायला लागतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या ड्रमवर तांबूस गंज धरतो. आणि बॉनेटखाली बॅटरी उतरत असते. कुणी दिवा लावलेला नसतो, हॉर्न वाजवलेला नसतो. पण शिसं आणि गंधकाम्ल एका डब्यात नांदायला लागली की त्यांची आपसातली देवघेव थांबत नाही.

आमच्या गॅरेजात फियाट आहे. आरसी बुकावर प्रीमियर पद्मिनी, पण घरात त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून हे चौकोनी, सरळ नाकाचं रूप बाहेर पडू लागलं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढे अख्ख्या रुंदीची सीट, जिच्यावर दोघांच्या मध्ये एखादं पोर सहज मावायचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं हे रूप 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उठलं. आता उरलेल्या फियाटी अशाच, कुणाच्या तरी पार्किंगमध्ये कव्हराखाली. त्यांच्यावर फडकं रोज फिरतं, चाकं मात्र महिन्यातून एखाद्या रविवारी.

एखादा रविवार बॅटरीला पुरत नाही. पूर्ण भरलेली, निवांत असलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर 12.6 ते 12.7 दाखवते; 12.2 वर आली की साधारण निम्मी रिकामी झाली. अर्ध्या व्होल्टाचं ते काय, असं वाटतं, पण सगळा कारभार त्या अर्ध्या व्होल्टातच असतो. त्यात आपला उन्हाळा. तापमान 10 अंशांनी चढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, मग पत्र्याच्या शेडमधल्या एप्रिल-मे महिन्यांची कल्पनाच केलेली बरी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवरचं लेड सल्फेट घट्ट होऊन बसतं. पुढे कितीही चार्ज करा, ते पुरतं सुटत नाही. हौसेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या धावून थकत नाहीत, उपाशी राहून मरतात.

यावर गल्लोगल्लीच्या मिस्त्रींचा एकच उपाय ठरलेला आहे: “साहेब, दिवसाआड पाच मिनिटं चालू करून ठेवत जा.” सल्ला मायेचा असतो, हिशेब मात्र जुळत नाही. सेल मारताना स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो. जुन्या फियाटला डायनामो आहे, आणि गाडी नुसती उभ्यानं चालू ठेवली तर तो इतका मंद फिरतो की डॅशबोर्डवरचा लाल दिवा धड विझतही नाही, मिणमिणत राहतो. पाच मिनिटांत काढलेलं कर्जसुद्धा फिटत नाही. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो, ते वेगळंच.

उरला चार्जर. बॅटरीच्या दुकानात दिसणारा जुना, लोखंडी पेटीचा चार्जर म्हणजे पंगतीतला हट्टी यजमान. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला तरी हा जिलबी वाढणारच. बॅटरी भरली तरी त्याचा प्रवाह चालूच राहतो. मग आतलं पाणी वायू होऊन उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात, गॅरेजात आंबूस, झोंबरा वास भरतो. अति तेथे माती. बॅटरी मेंटेनर नावाच्या चार्जरला मात्र तो आडवा हात दिसतो. आधी तो बॅटरीला 14.4 व्होल्टच्या आसपास नेऊन भरून घेतो, मग 13.2 ते 13.6 वर उतरून थांबतो आणि जेवढं झिजलं तेवढंच वाढतो. चांगला असेल तर कडक उन्हाळ्यात हात आणखी आखडता घेतो, कारण तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं. प्रेमात एवढं भान आपल्यालाही क्वचितच राहतं. जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपण एक तर विसरतो, नाही तर आठवण झाली की एकदम सगळं ओतून मोकळे होतो.

दर वेळी बॉनेट उघडून मेंटेनरचे चिमटे लावायचे म्हटलं की कंटाळा येतो, म्हणून वायर कायमची बसवून टाकावी. आधी सेलची झाकणं घट्ट आहेत ना ते पाहायचं आणि टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा फुलोरा खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचा. पाणी पडताच तो फसफसतो, आणि फेस ओघळला की खालून शिशाचा करडा रंग उजळून निघतो. मग वायरींचे गोल लग क्लॅम्पच्या बोल्टात कसायचे, लाल प्लसला आणि काळी मायनसला, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं. प्लसच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा. वायर पत्र्याला घासून सोलली किंवा उंदरानं कुरतडली तर फ्यूज उडेल. तो नसेल तर वायर पेटेल आणि पेट्रोलच्या गाडीत ती एकटी पेटत नाही. वायर फॅनबेल्ट आणि तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून दूर ठेवत, बांधत बांधत पुढच्या जाळीपर्यंत आणायची. टोकाला रबरी टोपीचा कनेक्टर. मॉरिस मायनरसारखी जुनी इंग्रजी गाडी असेल तर मात्र जरा थांबा. त्यातल्या अनेक गाड्यांमध्ये प्लस बॉडीला जोडलेला असतो. वायरीच्या रंगावर जाऊ नका, बॅटरीवरची खूण वाचा.

आपल्याकडे वीज जाते हेही ध्यानात हवं. परत आल्यावर आपणहून सुरू होणाराच मेंटेनर घ्यावा. काही मॉडेलांना पुन्हा बटण दाबावं लागतं आणि ते दाबायला कुणी नसतं. गॅरेजला वारा लागू द्यावा. गाडीची किल्ली मी मेंटेनरच्या पिनेलाच टांगून ठेवतो. पिन काढल्याशिवाय किल्ली हाती येत नाही, त्यामुळे वायर फरफटत फाटकापर्यंत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. रविवारी चोक ओढला, सेल मारला, की इंजिन एकदा खाकरतं आणि लगेच बोलायला लागतं.

केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली की तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा. सत्तरच्या दशकातल्या फियाटी आता या वयात येताहेत. यापुढे त्यांचं बरंचसं आयुष्य उभ्यानंच जाणार.

म्हणून मेंटेनर बसवाच. पण तो बॅटरी सांभाळतो, गाडी नव्हे. मेलेला सेल तो उठवत नाही, डिस्टिल्ड वॉटर महिन्याला आपल्यालाच बघावं लागतं, आणि टायर, ब्रेक, गिअरबॉक्स यांची भूक रस्त्याशिवाय भागत नाही. तेव्हा सकाळी वाहतूक वाढायच्या आत पिन काढा, किल्ली घ्या आणि तासभर तरी गाडी चालवून आणा.