मेरिमॅकच्या काठचे साचे

आवाज आधी तळपायांना कळला. लोवेलच्या बूट कॉटन मिलमध्ये साचेखात्याच्या दाराशी उभी होते आणि जुनी लाकडी जमीन चपलेखाली थरथरत होती. (बूट हे आडनाव आहे. कर्क बूट नावाचा गृहस्थ या गावातल्या पहिल्या गिरणीचा व्यवस्थापक होता.) कानात घालायला मऊ बोळे मिळाले, दार उघडलं, आणि समोर साचेच साचे! ओळीनं मांडलेले 88 यंत्रमाग. त्यांतले थोडेच चालू होते, तरी शेजारी उभ्या असलेल्या भाचीचं बोलणं मला ऐकू येईना. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत होता, छताजवळच्या दांड्यावरून उतरलेले पट्टे गरगरत होते, आणि तेल, सूत नि तापलेलं लोखंड यांचा मिळून एक वास येत होता.

तो वास मी ओळखला. लालबागच्या आमच्या चाळीत आजोबा पाळीवरून आले की दारातून आधी हाच वास आत यायचा. आजोबांनी साचेखात्यात तीस वर्षं काढली. ते घरातही ओरडून बोलायचे, आणि आम्ही पोरं त्यांना तापट समजायचो. बॉस्टनहून तासाभराच्या आगगाडीच्या प्रवासानं, सातासमुद्रापलीकडच्या एका गिरणीत, मला पन्नाशी उलटल्यावर कळलं की ते तापट नव्हते. त्यांना हळू बोलणं उरलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर कालव्याच्या कठड्याशी बराच वेळ बसलो. ऑक्टोबर होता, मेपलची लाल पानं पाण्यावरून सावकाश वाहत होती. हे गाव उभं राहिलं ते या पाण्यामुळे. मेरिमॅक नदी इथं पॉटकेट धबधब्यावर सुमारे 32 फूट खाली येते. एवढ्याशा उतारावर माणसांनी केवढा संसार मांडला! नदी अडवून नऊ-साडेनऊ किलोमीटर लांबीचे कालवे काढले, पाणी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर सोडलं आणि प्रत्येक गिरणीच्या पोटातलं चक्र त्यावर फिरवलं. कालवे खणले आयरिश मजुरांनी. इथंच जेम्स फ्रान्सिस नावाच्या अभियंत्यानं जी टर्बाइन घडवली, ती त्याच्या नावानं आजही जगभरच्या जलविद्युत केंद्रांत फिरते आहे.

ज्याच्या नावाचं गाव, त्या फ्रान्सिस कॅबट लोवेलनं मात्र ते कधी पाहिलं नाही. 1810 साली तो इंग्लंडला गेला. तिथल्या यंत्रांचे नमुने देशाबाहेर न्यायला कायद्यानं बंदी होती. हा गिरण्यांतून हिंडला, यंत्रमाग डोक्यात साठवून घरी आला, आणि पॉल मूडी या कारागिराच्या मदतीनं वॉल्थॅमला 1814 मध्ये त्यानं अशी गिरणी चालू केली की एका दारानं कापूस आत जावा आणि दुसऱ्या दारानं कापड बाहेर यावं. 1817 मध्ये तो वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅककाठची मूठभर शेतकऱ्यांची वस्ती हेरली, आणि 1850 पर्यंत तिथं 33,000 लोकांचं शहर झालं.

पण मला कालव्यांहून मोठं नवल वाटलं ते खानावळीचं. गिरणीसमोरच कामगारांच्या राहण्याची विटांची इमारत जपून ठेवली आहे. लांब टेबल, त्यावर मांडलेल्या थाळ्या, वर झोपायच्या खोल्या. एका खोलीत चार-सहा जणी, एका बिछान्यात दोघी. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीवाले महिन्याच्या हिशेबानं तिच्याकडे जेवायचे. इथल्या खानावळीही बायकाच चालवायच्या, बऱ्याचशा विधवा. फरक एवढाच, की इथं जेवायला बसायच्या त्या मुली.

न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन इथल्या शेतकऱ्यांच्या मुली. वय पंधरा, अठरा, वीस. काही तर दहा-अकराच्या. आठवड्याला दोन-तीन डॉलर मिळत, त्यांतला सव्वा डॉलर खानावळीत जाई. उरलेला पैसा त्यांचा स्वतःचा. लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीवर नवऱ्याचा हक्क असण्याच्या त्या काळात या मुलींची बँकेत स्वतःच्या नावावर खाती होती. कुणी बापाच्या शेतावरचं कर्ज फेडलं, कुणी भावाला कॉलेजात धाडलं. संध्याकाळी त्या वाचनालयात जात, विचारवंत एमर्सनसारख्यांची व्याख्यानं ऐकत. 1840 पासून पाच वर्षं त्यांनी स्वतः लिहिलेलं ‘लोवेल ऑफरिंग’ हे मासिक निघत होतं. 1842 मध्ये इंग्रज कादंबरीकार डिकन्स इथं आला आणि ते वाचून थक्क झाला. मीही झाले. गिरणीनं बाईच्या हातात पहिल्यांदा तिचा पैसा ठेवला, हे मी मोकळ्या मनानं लिहिते. घरोघरी चरख्याशी बसून जे कापड महिनोन् महिने होत नव्हतं, ते गरिबाला परवडेल अशा भावात दुकानात आलं, हेही खरंच.

त्याच खानावळीत घंटेचं वेळापत्रक लावलेलं आहे. उन्हाळ्यात पहिली घंटा पहाटे साडेचारला. आठवड्याला सरासरी 73 तास काम. जेवणाला अर्धा तास, त्यातच गिरणीतून खानावळीत जायचं, गिळायचं आणि धावत परतायचं. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. थंडीत अंधार लवकर, म्हणजे शेकडो दिव्यांचा धूरही त्याच हवेत. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा ओठांनी ओढून घ्यायचा. एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर क्षय जायचा. हे वाचताना मला पहाटेचा भोंगा ऐकू आला. भोंगा झाला की आजी आधी आजोबांचा खोकला ऐकायची, मग स्टोव्ह पेटवायची.

या मुली गप्प राहिल्या नाहीत. 1834 मध्ये मजुरी कापली तेव्हा त्या साचे सोडून रस्त्यावर आल्या. 1836 मध्ये खानावळीचा खर्च त्यांच्या माथी मारला तेव्हा पुन्हा आल्या, या वेळी सुमारे दीड हजार. त्यांत हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची पोर होती. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जावं की न जावं करत घुटमळल्या, तेव्हा ही एकटी उठून चालू लागली, आणि मागं वळून पाहते तर सगळी रांग तिच्या पाठीशी. सॅरा बॅगली ही विणकरीण तर त्याहून पुढं गेली. ‘ऑफरिंग’ मालकांना झोंबेल असं काही छापत नाही, हे तिनं चारचौघांत सांगितलं. कामगार स्त्रियांची संघटना बांधली. दहा तासांच्या दिवसासाठी दोन हजारांवर सह्या जमवल्या आणि 1845 मध्ये राज्याच्या विधिमंडळासमोर साक्ष दिली. समितीनं ऐकून घेतलं आणि कामाचे तास ठरवणं आपलं काम नाही, असा निर्वाळा दिला. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा झाला तो 1874 साली. साक्षीच्या वेळी विशीत असलेल्या मुली तोवर पन्नाशीला पोचल्या होत्या.

आणि कापूस कुठून येत होता? दक्षिणेच्या मळ्यांतून, गुलामांच्या हातून. यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत सुमारे 40 लाख माणसं गुलामीत होती. लोवेलचा नफा त्यांच्या पाठीवरून येत होता, आणि लोवेलचं जाडंभरडं कापड परत त्यांच्याच अंगावर जात होतं. मळेवाले ते गुलामांसाठी ठोक भावानं घेत. दक्षिणेत त्या कापडाला ‘लोवेल’ असंच म्हणत. गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांनी 1930 च्या दशकात आठवणी सांगितल्या, त्यांतही अंगावरच्या कपड्याचं नाव हेच येतं. दिवसभर पाहिलेल्या साऱ्या गोष्टींत ही मला सर्वांत जड गेली. खिडकीबंद खोलीत तेरा तास उभी राहणारी मुलगी आणि उन्हात कापूस वेचणारी बाई एकाच धाग्याची दोन टोकं होती, आणि त्या एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत. 1861 मध्ये युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला, लोवेलच्या गिरण्यांनी हजारोंना घरी बसवलं. आणि त्याच टंचाईनं मुंबईच्या कापूसबाजारात सोनं ओतलं. ती भरभराट 1865 मध्ये एका झटक्यात कोसळली, पण आमच्या गिरणगावाच्या कहाणीत अमेरिकेतल्या गुलामांचाही घाम आहे, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाचीनं गाडीनं लॉरेन्सला नेलं. त्याच नदीवर, थोडं खाली. इथली पेंबर्टन गिरणी 10 जानेवारी 1860 च्या संध्याकाळी कामगारांसकट कोसळली. ओतीव लोखंडाचे खांब सदोष होते आणि मजल्यांवर यंत्रं दाटून भरली होती. ढिगाऱ्याखालची माणसं काढताना एक कंदील फुटला आणि आग लागली. शंभराच्या आसपास माणसं गेली.

पण लॉरेन्सला मी गेले ते कॅमेला टिओलीसाठी. इटलीतून आलेल्या कुटुंबातली मुलगी. चार डॉलर देऊन तिचं वय चौदा असल्याचा कागद केला आणि तेराव्या वर्षी ती गिरणीत लागली. यंत्रात केस अडकले आणि डोक्याची कातडी निघून आली. सात महिने ती इस्पितळात होती. 1912 च्या जानेवारीत कामाचे तास 56 वरून 54 झाले आणि मालकांनी मजुरीही तेवढीच कापली, तेव्हा वीस हजारांहून अधिक कामगार, कितीतरी भाषा बोलणारे, बर्फात उभे राहिले. मार्चमध्ये ही पोर वॉशिंग्टनला गेली आणि काँग्रेसच्या समितीसमोर आपल्या डोक्याची गोष्ट सांगून आली. अध्यक्षांची पत्नी हेलन टाफ्ट ऐकायला बसल्या होत्या. देशभर बातमी झाली, संपकऱ्यांना मजुरीवाढ मिळाली, आणि कॅमेला पुन्हा गिरणीत कामाला लागली.

1970 च्या दशकात पॉल कॉवन नावाचा पत्रकार तिच्या शोधात लॉरेन्सला गेला. ती तेव्हा हयात नव्हती. तिची मुलगी भेटली. आईच्या डोक्यावरचा टक्कल पडलेला भाग झाकावा म्हणून ही मुलगी रोज तिचे केस विंचरून अंबाडा घालून द्यायची. पण आईनं वॉशिंग्टनला जाऊन साक्ष दिली होती, हे तिला ठाऊकच नव्हतं. आईनं घरात ते कधी काढलं नव्हतं.

परतताना गाडीत भाचीनं विचारलं, “मावशी, पणजोबांचा साचा कसा होता गं? असाच?” मला सांगता येईना. चाळीस वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो आणि मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. ती का, हेही नाही.

बूट मिल 1950 च्या दशकात बंद पडली. कापडाचा धंदा त्याआधीच स्वस्त मजुरीच्या मागं दक्षिणेला निघाला होता. 1978 च्या जूनमध्ये लोवेलच्या गिरण्यांचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारनं गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीवर पहिल्यांदा कडक मर्यादा घातली, कारण ती धूळ फुप्फुसं खाते. तोवर लोवेलचे बहुतेक साचे थंड झाले होते. पण निदान तिथं साचे आहेत, खानावळीचं टेबल आहे, संपात उभ्या राहिलेल्या मुलींची नावं भिंतीवर आहेत. आमच्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले आणि चिमण्या एकेक करून पडल्या. उरलं आहे ते माणसांच्या आठवणीत, आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, चाळीत, ओळखीत साचेखात्यात, रिंगखात्यात काम केलेलं कुणी असेल, तर या रविवारी त्यांच्यापाशी जाऊन बसा. काय करत होता, कसं करत होता, हाताला काय झालं, ते विचारा आणि लिहून ठेवा. ते मोठ्यानं बोलतील. बोलू द्या.