अब्बांचा माउथपीस

आमचं घर चिखलीचं आणि पेशा बँडचा. मरहूम अब्बा युफोनियम वाजवायचे, मी ट्रॉम्बोन वाजवतो, आणि बारावी झाल्यावर धाकट्या मुलानेही ट्रॉम्बोनच हातात घेतला. नातेवाईक म्हणाले, "पोराला कुठे या धंद्यात घालता? बँडवाल्याला मुलगी कोण देईल?" त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. पण पोराला मनापासून आवड होती, आणि घामाच्या कमाईची लाज कशाला बाळगायची, असं मला वाटलं.

मुंबईहून एक जुना ट्रॉम्बोन स्वस्तात मिळाला. वरातीत लांब नळी पुढे-मागे सरकवत जे पितळी वाद्य वाजवतात, ते हे. त्या सरकत्या नळीच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात. लहान ट्रॉम्बोनचा बोअर अर्धा इंच किंवा जरा जास्त असतो, मोठ्याचा ०.५४७ इंच. हा मधला होता, ०.५२५ इंचाचा, म्हणजे तेरा मिलिमीटरच्या थोडा वर. वाद्य चांगलं होतं, पण सोबत माउथपीस नव्हता.

मी म्हणालो, "माउथपीस घरात आहे."

अब्बांचं युफोनियम मेरठचं. बँडच्या वाद्यांसाठी मेरठ जुनं नावाजलेलं गाव. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची. बहिणीच्या लग्नात अब्बांनी ते युफोनियम विकलं, पण माउथपीस काढून ठेवला. तो ट्रंकेत हिरव्या कापडात गुंडाळलेला होता. युफोनियम आणि ट्रॉम्बोनचे माउथपीस एकमेकांच्या जवळचे, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला चालतो. त्याच्यावरचा चांदीचा मुलामा मात्र उडाला होता, आणि उघडं पितळ ओठाला त्रास देतं. मी तो खामगावला नेला. खामगाव म्हणजे आपली रजतनगरी. तिथे चांदी चढवून आणली आणि मुलाच्या हातात ठेवली. "तुझ्या दादांचा आहे. सांभाळ." आजोबांना आमच्याकडे दादा म्हणतात. पोराने तो डोळ्यांना लावला.

वाद्यात घातला तर तो जास्तच आत गेला आणि हलू लागला. पोराने कागदाची पट्टी गुंडाळून घट्ट केला. मी म्हणालो, "बघ, बसला की!"

सैलानीची यात्रा होळीच्या सुमारास भरते. ती झाली की आमच्या भागात लग्नं, गावोगावचे उरूस आणि संदल सुरू होतात. पोरगा माझ्या शेजारी उभा राहून वाजवू लागला. वरचे सूर डळमळायचे. मला वाटायचं, रियाज कमी पडतो. मी चारचौघांत दोनदा बोललोही. तो खाली मान घालून ऐकायचा.

एका रात्री जेवताना त्याने सालन बाजूला सारलं आणि कोरडी पोळी खाऊ लागला. त्याच्या अम्मीने हनुवटी धरून तोंड वर केलं. वरचा ओठ आतून फुटला होता. डळमळणारा सूर धरण्यासाठी तो माउथपीस ओठावर दाबत होता. ती मला एवढंच म्हणाली, "पोरगा तुमच्यासाठी रक्त गिळतोय."

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "नंबर लहान तर माउथपीस लहान. पोराला हाच बरा." त्याने १½जी नंबरचा दिला. घरी आल्यावर तो वाद्यात घट्ट बसला, पण अर्ध्या तासात पोराचा दम संपला.

शेवटी अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना बोलावलं. ते अब्बांचे दोस्त. पिशवीत पाच-सहा माउथपीस घेऊन आले. आधी त्यांनी अब्बांचा बघितला. म्हणाले, "माउथपीसचं हे निमुळतं टोक, याला शँक म्हणतात. ती बारीक असते किंवा जाड. मधल्या बोअरचा ट्रॉम्बोन दोन्ही प्रकारचा येतो, म्हणून आधी वाद्याचं तोंड बघायचं. तुमचं जाड शँकचं आहे. हलणाऱ्या माउथपीसला कागद लावला तरी सूर जागेवर येत नाही."

मग दुकानातला बघून ते हसले. बाख कंपनीच्या पद्धतीत नंबर जितका लहान, तितकी वाटी मोठी. यामाहाचं याच्या उलट. १½जी हा बेस ट्रॉम्बोनचा, खोल आणि रुंद. पोराच्या ओठांना तो कसा पेलणार?

त्यांनी पिशवीतला जाड शँकचा ६½एएल काढला. याची वाटी कडेपासून कडेपर्यंत साधारण एक इंच. म्हणाले, "आधी शँक, मग वाटीची रुंदी, मग कड ओठाला टोचते का ते. आणि लगेच जोरात फुंकू नकोस. हळू आवाजात सूर सुरू होतो का बघ. पंधरा मिनिटं वाजव, उद्या परत वाजव. पहिल्या फुंकरीवर विश्वास ठेवू नकोस."

पोराने तिन्ही माउथपीस आलटून पालटून वाजवले. तिसऱ्याला स्वयंपाकघरातून त्याच्या अम्मीचा आवाज आला, "हा कोणता? हाच राहू दे." तिला दिसत नव्हतं. तो ६½एएल होता.

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. वाद्य खाली ठेवलं. नमाज पढून आल्यावर मी पोराला विचारलं, "ओठ फुटला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "अब्बू, तुम्ही खामगावला जाऊन चांदी चढवून आणली होती."

मला काही बोलता येईना. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "तुमच्या ट्रॉम्बोनची शँक बारीक आहे. दादांचा तुम्हीच लावून बघा ना."

इतक्या वर्षांत मी तो स्वतः कधीच लावून बघितला नव्हता. अदब म्हणून ट्रंकेत ठेवला आणि अदब म्हणूनच पोराच्या तोंडाला लावला. त्या रात्री माझ्या वाद्यात घातला. चपखल बसला, जराही हलला नाही. मी अब्बांची आवडती चाल धरली. दहा मिनिटांत ओठ थकला. कड अब्बांच्या ओठांना सरावलेली, माझ्या नाही. मी हसलो, पोरगाही हसला.

मास्तरांना ६½एएलचे पैसे देऊ केले. म्हणाले, "सराई संपल्यावर दे. आधी पोराला कमावू दे."

वडिलांचा वारसा मुलांना जरूर द्यावा. पण देण्याआधी तो एकदा आपण वापरून बघावा, आणि दिल्यावर मुलाला तो सोसतो का, हे विचारावं. आपली मुलं आपल्या मायेपोटी बरंच काही गिळून टाकतात.

अब्बांचा माउथपीस परत हिरव्या कापडात आहे. पोरगा मधूनमधून काढून पुसतो. चांदी अजून तशीच चमकते.